भरल्या ताटावरनं

मनोरमा जर्मनीतल्या आखन शहरात सिटी बस चालवते. मूळची शिरोळ तालुक्यातली, उसाच्या पट्ट्यातली. उंची अशी की गावात तिला शेवगा म्हणायचे. नवरा मिळाला सांगलीचा उल्हास, तोही तिच्यापेक्षा दोन बोटं बुटकाच. तो गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर म्हणून जर्मनीत आला आणि मागनं ही आली. घरात बसून बसून जीव उबगला तसं तिनं बसचं लायसन काढलं. जर्मन बोलते तीसुद्धा कोल्हापुरी हेलात. सायकलवाला आडवा आला की काचेआड शिवी मराठीत, आणि स्टॉपवर दार उघडलं की "गूटन मॉर्गेन" हसून.

लोक म्हणतात, बाई रागीट आहे. आहेच. पण गेल्या वर्षीचा तिचा राग ज्यांना जादा वाटला, त्यांनी आधी काय झालं ते ऐकावं.

तिची एकुलती एक लेक इरा. आईच्या वरताण उंच, लहानपणापासनं क्लबात बास्केटबॉल खेळणारी. बारावीच्या वर्षी अमेरिकेतल्या एका कॉलेजचा कोच तिला बघायला आला. बघायला म्हणजे स्थळवाले येतात तसाच. आधी खेळ बघितला, मग उंची विचारली, मग घरी आला. मनोरमानं कोंबडीचा तांबडा रस्सा केला. गडी नाक पुसत पुसत पुन्हा वाढून घेऊन जेवला. उल्हासनं विचारलं, स्कॉलरशिप तर एकेका वर्षाची दिसते, पुढचं काय? कोच म्हणाला, "ते नावापुरतं हो. पोरगी मन लावून खेळली, पास होत गेली, की चारी वर्षं तिचीच. आजपासून इरा आमच्या फॅमिलीतली." मनोरमानं त्याच्या डोक्याला फेटा बांधला, हातात नारळ दिला. त्यानं फोटो काढून घेतला आणि सगळ्या जगाला दाखवला.

आमच्याकडं ज्या घरी माणूस पोटभर जेवला, त्या घराला दिलेला शब्द तो सहसा मोडत नाही. मोडला तर त्याला गावात तोंड दाखवायची चोरी. ह्या दोघांनी तेच अमेरिकेलाही लागू धरलं. चुकलं ते तिथं.

इरा दोन वर्षं मान मोडून खेळली. पहिल्या वर्षी बाकावर होती, दुसऱ्या वर्षी प्रत्येक सामन्यात मैदानावर. खेळाडूंच्या दुखापतींवर उपचार करायचं शिक्षण घेत होती, त्यातही पहिल्या वर्गात. सामन्यांचा हंगाम संपला आणि कोचनं तिला खोलीत बोलावलं. म्हणाला, "मोठ्या कॉलेजातनं एक तयार खेळाडू आमच्याकडं येतेय. तुझ्याच जागेवर खेळते. तुझी स्कॉलरशिप पुढच्या वर्षी नाही. तुझ्यात खोट काही नाही, इरा. फॅमिली म्हणून सांगतो, दुसरं कॉलेज बघ."

तिथली फी ह्यांच्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरची. पोरगी बॅगा भरून परत आली.

मनोरमानं त्या कोचला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मग तिनं निरोप ठेवायच्या यंत्रावर मराठीतच सांगितलं, "माझ्या घरचा रस्सा ओकून टाक म्हणावं, भाड्या!"

"अगं, त्याला काय कळणार?" उल्हास म्हणाला.

"मला कळलं न्हवं का? बास."

संघातनं काढा की. बाकावर बसवा, पाणी आणायला लावा. खेळ आहे, दुसरी वरचढ निघाली तर रडायचं कारण नाही. पण पोरीला शिकवतो म्हणून नेलं, आईबापांच्या पंगतीला बसून सांगितलं, आणि आता शिक्षणच काढून घेतलं? भरल्या ताटावरनं उठवायचं म्हणतात ते हेच. आमच्याकडं दावेदारालासुद्धा जेवता जेवता उठवत नाहीत. आधी जेवू देतात, मग अंगणात भांडतात.

इरानं अमेरिकेतल्या कॉलेजांना लिहायचा सपाटा लावला. इथं जर्मनीत शिकायचं तर तिकडचे विषय कुणी धरायला तयार नव्हतं, म्हणजे दोन वर्षं पाण्यात. मे महिन्यात एका कॉलेजच्या कोचबाईचा व्हिडिओ कॉल ठरला. रविवारची दुपार होती. इरा लॅपटॉप घेऊन जेवायच्या टेबलाशी बसली, उल्हास तिच्या खांद्यामागं उभा आणि मनोरमा पलीकडं लसूण सोलत. कोचबाई गोड बोलत होती. पूर्ण स्कॉलरशिप, राहणं, खाणं, सगळं देऊ म्हणाली. उल्हासचा चेहरा खुलला.

मनोरमा सोलता सोलता म्हणाली, "विचार तिला. ही जागा आली कुठनं?"

इरानं डोळे वटारले. आईनंही वटारले. शेवटी इरानं विचारलं.

"ती काळजी तू करू नकोस, डार्लिंग," कोचबाई हसली. "जागा आम्ही करतोय. शुक्रवारपर्यंत हो म्हण."

कॉल संपला आणि घरात पेटलं.

"करतोय म्हंजे कुणाला तरी उठवतीय ती," मनोरमा म्हणाली.

"अगं, असू दे ना!" उल्हास म्हणाला. "आपल्या मुलीला उठवलं तेव्हा कुणी विचारलं होतं का? सिस्टिमच तशी आहे. आपण एकट्यानं हरिश्चंद्र बनून काय होणार?"

"अहो, ज्या माणसाला महिनाभर शिव्या घातल्या, त्याच्याच पंगतीला आता तुमी पोरीला बसवताय."

इराला मराठी सगळं कळतं, पण राग आला की ती जर्मनमध्येच बोलते. "आल्झो, म्हणजे बघ, मी नाही म्हटलं तर ती बाई दुसऱ्या कुणाला तरी घेईल. त्या मुलीची जागा तशीही जाणारच आहे, आई. मग माझी दोन वर्षं मी कशासाठी जाळू?"

मनोरमा एवढंच म्हणाली, "जाणार आसंल तर जाऊ दे. पर तिला ठावं तरी हाय का?"

इरा दार आपटून गेली. उल्हास म्हणाला, "पोरीचं आयुष्य आहे मनोरमा, तुझी बस नाही. तू म्हणशील तिथं थांबायला."

"म्हणूनच तर ती म्हणंल तसं," मनोरमा म्हणाली. "मी फकस्त विचारलं."

पण विचारलेलं असं आत रुतून बसतं. इरानं त्या कॉलेजच्या संघातल्या पोरी इंटरनेटवर धुंडाळल्या. तिच्याच जागेवर खेळणारी एक होती, डेलानी नावाची, एका खेड्यातनं आलेली. तिनं कालच फोटो टाकला होता. पुढच्या वर्षासाठी मैत्रिणीबरोबर भाड्यानं घेतलेली खोली, आणि भिंतीला पिवळा रंग देताना नाकावर रंग लागलेली ती. खाली कोचबाईनं लाल बदाम ठेवलेला.

इरा ते बघत बसली. तिचीही तिकडं अशीच खोली होती. त्या खोलीचे पडदे आता तळघरातल्या खोक्यात होते.

बुधवारी तिनं डेलानीला लिहिलं: मला तुमच्याकडं जागा देतायत. ती बहुतेक तुझी आहे. तू कोचला विचार.

डेलानीचं उत्तर लगेच आलं. त्यात एकच शब्द होता, तोही शिवीचा.

संध्याकाळी कोचबाईचा फोन आला. आवाजातला गूळ आटला होता. "तू आमच्या संघात फूट पाडलीस. विश्वास नावाची गोष्ट असते, इरा. आमची ऑफर आम्ही मागं घेतोय."

विश्वास! ज्या बाईनं बदाम ठेवलेल्या हातानंच त्या पोरीची जागा विकायला काढली होती, ती विश्वास शिकवत होती. मनोरमानं फोन हिसकावून घेतला, पण तोवर तो तिकडनं बंद झाला होता.

उल्हास डोकं धरून बसला. "नाही म्हणायचं होतं तर सरळ नाही म्हणायचंस, बेटा. हे कशाला?"

"मी हो म्हणणार होते, बाबा," इरा म्हणाली. मराठीत म्हणाली. "तिला आधी कळावं, एवढंच होतं. मग मी हो म्हणणार होते."

मग इरा आईकडं वळली. "तू तोंड बंद ठेवलं असतंस तर मी विचारलंच नसतं. मला सुचलंच नसतं!"

"व्हय," मनोरमा म्हणाली.

"व्हय काय? व्हय काय?"

"दे शिव्या. त्या दोघा कोचांना पोचत न्हाईत, निदान मला तरी दे."

इरानं दिल्या. जर्मनमध्ये, इंग्रजीत, सापडतील त्या सगळ्या. मनोरमा खुर्चीवर बसून ऐकत राहिली. उल्हास मधे पडायला उठला, तर तिनं त्याला हातानं खाली बसवलं.

ऑक्टोबरात इरा कोलोनच्या कॉलेजात जायला लागली. पुन्हा पहिलंच सेमिस्टर, बरोबर सगळी काल शाळा सोडलेली पोरं. रोज ट्रेननं जाऊन येऊन करते. क्लबात परत खेळते, पण आता कोपरं जोरात मारते, पंच तिच्यावर वैतागलेत.

एका संध्याकाळी ती स्टेशनसमोर आईच्याच बसमध्ये चढली. पुढच्याच सीटवर बसली आणि फोन बघत म्हणाली, "डेलानीला काढलं. जूनमध्येच. दुसऱ्या कॉलेजातनं कुणीतरी आली तिथं."

"आन ती?"

"माहीत नाही. तिनं मला ब्लॉक केलंय." मग फोन पिशवीत टाकून म्हणाली, "मी म्हटलं होतं ना तुला? व्हायचं तेच झालं. मग मी जे केलं त्यातनं मला मिळालं काय?"

मनोरमानं आरशात मागचं बघितलं. सगळे चढले होते.

"काय न्हाई," ती म्हणाली आणि दार लावून गाडी काढली.