वायर ओढून बघणारे सर

मुरबाडच्या एका शाळेत ते संगणक शिकवतात. उरलेल्या वेळात एका मोफत ऑपरेटिंग सिस्टिमचा कोड तपासतात. जगभरातले लोक मिळून ती लिहितात. डिस्कवर फाइली साठवणारा भाग सरांकडे येतो. वाचताना त्यांचे ओठ हलतात, आणि ओळ पटली नाही की चष्मा काढून ते शर्टाला पुसत बसतात.

मी शहापूरचा, नोकरी पुण्यात. त्या सिस्टिमच्या याच भागासाठी मी एक बदल पाठवला आणि खाली लिहिलं, 'मध्येच वीज गेली तरी फाइल शाबूत राहते. तपासलं आहे.' तपासलं नव्हतं.

सुट्टीत गावी आलो तेव्हा सरांकडे गेलो. माझा कोड त्यांनी स्वतःच्या मशीनवर चढवला होता. फाइल लिहिली जात असतानाच त्यांनी सरळ विजेची वायर ओढली. मशीन पुन्हा सुरू केलं, तर फाइल रिकामी!

"तुमी तपासलंत ना?"

"दोनदा," मी म्हणालो.

"मग तुमच्या कोडचा दोष नाय. माझी डिस्कच जुनी झालीय."

आठवडाभर शाळा सुटल्यावर ते ओळखीच्यांकडून डिस्क मागून आणत होते आणि वायर ओढून बघत होते. मला सगळं कळवत होते.

शेवटी सगळ्यांना दिसेल असं त्यांचं उत्तर आलं. 'लेखकाकडे चालतं, माझ्याकडे नाही. कारण शोधायला मी कमी पडलो. लेखकाची माफी मागतो.'

मी बदल मागे घेतला. 'थोडी सुधारणा करायची आहे,' एवढंच कारण दिलं.