यादव टाकून बघ

विद्याताई गेल्याचं त्यांच्या लेकीनं फोनवर कळवलं. "अंकल, मम्मी नींद में ही चली गईं." वाईट वाटलं आणि खरं सांगायचं तर हायसंही वाटलं. अंथरुणाला खिळून कुणाकडून करून घेणं त्यांना सोसलंच नसतं...

त्या साताऱ्याच्या. यजमानांच्या हवाई दलातल्या बदलीनं इकडे आल्या, मोहालीतच राहिल्या, वकिली केली आणि एक दिवस ती सोडली. मी विट्याकडचा. चंदीगडमध्ये सोनं-चांदी गाळायचं दुकान मी एकट्यानं उभं केलं. जागामालकानं ते खाली करून मागितलं, प्रकरण कोर्टात गेलं. माझा वकील दर भेटीत तेच सांगायचा : निकाल यायचाय, पण तू हरणार, अर्धी जागा सोड आणि तडजोड कर. घासाघीस करून पोट भरणारा मी, पण तिथं मला भाव करता येईना. शेवटी ताईंकडे गेलो.

"ताई, केस तुम्ही घ्या."

"वकिली सोडली मी. निकाल लागला असेल तर कोर्टाच्या साइटवर फुकट असतो. बस आणि शोध."

इंग्रजीत माझं आडनाव, जाधव, टाकलं. काही नाही. पुन्हा टाकलं. माझं डोकं फिरलं. "फुकटात मिळायचं ते असंच."

"इथं तुला लोक काय म्हणतात?"

"यादवजी. किती जणांशी भांडलो त्यावरून."

"आज नको भांडूस. यादव टाकून बघ."

निकाल समोर आला. केव्हाचाच लागलेला. ताईंनी अर्थ सांगितला नाही. मी अडलो तेवढाच शब्द सोडवून दिला. शेवटच्या पानावर मालकाचा अर्ज फेटाळला होता. दुकान माझंच राहणार होतं, आणि ते मी माझ्या डोळ्यांनी वाचलं होतं... त्या वकिलावरचा राग अजून गेलेला नाही, मी तो घालवणारही नाही. पण त्या रात्री मी गाढ झोपलो.

दिवसकार्यानंतर लेक ताईंची खोली आवरत होती. संगणकासमोरच्या खुर्चीची बैठक पार झिजलेली. ताई तिच्यावर कधी बसायच्याच नाहीत, बसायचे आमच्यासारखे अडलेले. "अंकल, ये फेंक दें?" मी ती उचलून दुकानात आणली, माझ्या संगणकासमोर ठेवली. परवा मोहालीजवळच्या खरडच्या भोसलेवहिनी तिच्यावर बसून बिल्डरविरुद्धचा निकाल शोधत होत्या. सापडेना, तशा उठायला लागल्या.

मी भट्टीपाशीच होतो. तिथूनच ओरडलो, "बसा वहिनी. भोसलेत एक एन घालून बघा."