सावडीचा कासरा

पुसदला मामा एका छापखान्यात खिळे जुळवायचा. मॅट्रिकपर्यंत मी त्याच्याकडे राहिले. त्याच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. चुकून जास्तीची छापलेली, कोणी नमुना म्हणून आणून टाकलेली. आमच्या धम्मदीक्षेनंतर निघालेली पत्रकं होती, रशियाची गुळगुळीत रंगीत होती, आणि अमेरिकेहून मराठीत छापून येणाऱ्या पातळ पुस्तिका होत्या. मी सगळं वाचलं. रशियाच्या चित्रांत शेत क्षितिजापर्यंत पसरलेलं आणि माणसं मुंगीएवढी. अमेरिकेच्या एका पुस्तिकेत मात्र एकच शेतकरी आपल्या कुंपणाला टेकून उभा होता. खालच्या मजकुराचा अर्थ असा, की हे कुंपण ओलांडायचं तर सरकारलाही त्याला विचारावं लागतं. ते चित्र मी जपून ठेवलं. आमच्या घराण्यात आजवर सगळे परवानगी मागणारेच झाले होते. देण्यासारखं काही असलेला पहिला माणूस म्हणजे माझे बाबा.

बाबांनी ढाणकीच्या कापसाच्या जिनात गठाणी उचलून उचलून चार एकर काळी जमीन घेतली होती. बैल मात्र एकच होता. शेजारच्या धुऱ्यावरचे, म्हणजे बांधापलीकडचे, काका कुणबी, त्यांचाही एकच. म्हणून सावड. त्यांचा तांबडा आणि आमचा पांढरा एका जुवाखाली यायचे, आज त्यांच्या वावरात, उद्या आमच्या. दीक्षेच्या आधी बाबा त्यांना मालक म्हणायचे. दीक्षेनंतर भाऊ म्हणू लागले. काकांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते थोडे थांबले होते, पण त्यांनी ओ दिली होती.

सावड पाडव्याला ठरायची. कागद नाही, साक्षीदार नाही. एकानं आपल्या बैलाचा कासरा दुसऱ्याच्या हातात द्यायचा, झालं. मोडायची असेल तर निरोप पाठवायचा नाही, स्वतः अंगणात येऊन सांगायचं. आणि समोरच्यानं कारण विचारायचं नाही. हा नियम मला लहानपणापासून माहीत होता. त्याचा अर्थ मात्र माहीत नव्हता.

मी मॅट्रिक होऊन गावी आले त्या वैशाखात ब्लॉकचे साहेब सामुदायिक शेतीचा नकाशा घेऊन आले. पारावर सभा भरली. नदीकाठची सगळी वावरं एक करायची, धुरे मोडायचे, ट्रॅक्टर येणार, बियाणं सोसायटी देणार. साहेबांनी हिरव्या पेन्सिलीनं रंगवलेल्या पट्ट्याच्या बरोबर मधे एक पांढरा चौकोन राहिला होता. तो आमचा; बाबांनी अजून हो म्हटलं नव्हतं.

"एक वावर मधात राह्यलं त ट्रॅक्टर फिरन कुठून?" सरपंच म्हणाले. "हात वर कर ना बाप्पा. कायले गावाले अडवून राह्यला?"

बाबांनी दोन्ही हात धोतराच्या सोग्यात दाबून धरले होते. सरपंचांनी दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हा बायकांतून मी उठले.

मी म्हणाले, ज्याचं वावर त्याला नको म्हणता आलं पाहिजे. तेवढ्यावर थांबायला हवं होतं, पण डोक्यात पुस्तिका होत्या. मी अमेरिकेचं सांगू लागले. तिथलं सरकार शेतकऱ्याला शेत पडीक ठेवायचे पैसे देतं आणि काय पेरायचं ते राजधानीत बसून ठरवतं. पण तिथंच असेही लोक आहेत जे म्हणतात, सरकारनं वावराच्या बाहेर राहावं.

"न पेरायचे पैसे?" मागून कोणीतरी ओरडलं. "मंग मले अमेरिकेतच नेऊन टाका!"

पार हसून लोळला. "लय बोलते पोट्टी," आणखी एकजण म्हणाला, "अमेरिकेची सरपंचीन होये काय?"

साहेब हसले नाहीत. शांतपणे म्हणाले, "मुली, तुझ्या त्या अमेरिकेत काळ्या माणसाला हॉटेलात चहा देत नाहीत. हे तुझ्या पुस्तिकेत लिहिलं आहे का?"

हे मला ठाऊक होतं, आणि पुस्तिकेत ते नव्हतं.

"नाही लिहिलं," मी म्हणाले. "लिहायला पाहिजे होतं. माणसाचा हक्क रंग बघून देणारे खोटेच आहेत, साहेब. पण गरिबाचं वावर नकाशा बघून घेणाऱ्यांना काय म्हणायचं?"

हसू थांबलं. बाबांनी हात वर केला नाही. साहेबांनी नकाशाची गुंडाळी केली आणि जाताना सरपंचांना म्हणाले, "जबरदस्ती नाहीच आहे. पेरणीच्या वेळेस ते येतीलच."

त्या वाक्याचा अर्थ मला जेठात कळला. वावर वखरून झालं होतं आणि आई सरकी शेणामातीत घोळायला काढणार होती. तेवढ्यात काका अंगणात येऊन उभे राहिले. बसले नाहीत. आईनं दिलेलं पाणी प्यायले, गडवा खाली ठेवला.

"भाऊ, यंदा सावड नाही जमत."

त्यांनी सोसायटीत हात वर केला होता. बैलही सोसायटीचा झाला होता. एका बैलावर पेरणीची तिफण चालत नाही, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं. वावर पडीक राहिलं की बाबा आपणच हात वर करतील, हा सरपंचांचा सगळा हिशेब मला एका क्षणात दिसला.

"काहून?" मी ओरडले. "काहून नाही जमत, काका?"

त्यांनी मान खाली घातली. बाबा आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर गरजले, "चूप! इचारू नको!"

काका गेल्यावर मी बाबांवर तुटून पडले. दगा आहे हा, मी म्हणाले. सरपंचांनी फोडलं त्यांना.

"बैल कोणाचा होये?" बाबांनी विचारलं.

"त्यांचा."

"मंग? पारावर तूच सांगून राह्यली होती ना, ज्याचं त्याले नको म्हनता आलं पाह्यजे? का ते निस्तं आपल्यासाठी होतं?"

माझं तत्त्व माझ्याच अंगणात येऊन माझ्या अंगावर उलटलं होतं, आणि तरी ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी बाबा आणि मी पांढऱ्याला घेऊन तांड्यावर गेलो. तिथल्या एका बंजारा म्हातारीचा जोडीतला एक बैल साप लागून मेला होता. तांड्यातली पोरं तिला याडी, म्हणजे आई, म्हणत, म्हणून मीही म्हणाले. तिनं बाबांना आपादमस्तक पाहिलं, मग आमच्या पांढऱ्याचं तोंड उघडून दात पाहिले.

"सावड करीन," ती म्हणाली. "पन पयले माही पेरनी. माही जमीन बरड होये, ओल थांबत नाही."

"आमची ओल पण वाट पाहत नाही, याडी," मी म्हणाले.

"मंग पाह्य बाई दुसरा बैल," ती म्हणाली आणि चुलीकडे वळली.

दुसरा बैल नव्हता. बाबांनी कासरा पुढे केला.

पेरणीची ओल झाली तेव्हा आम्ही तिच्या माळावर होतो. मी तिफणीमागे सरत्याची नळी धरून सरकी सोडत होते आणि दर तासाच्या, म्हणजे ओळीच्या, टोकाला मान वळवून खाली नदीकडे बघत होते. तिथं सोसायटीच्या तिफणी रांगेनं चालल्या होत्या. मधे आमचं काळं वावर उघडं पडलेलं. ऊन चढत होतं. बाबांनी बैलांना एकदाही घाई केली नाही. परक्याच्या वावरात बैल मारायचा नाही, म्हणाले.

आमच्या वावरात तिफण आली तेव्हा वरची माती कडक झाली होती. दाते रुतेनात. सोसायटीची कापसाची पऱ्हाटी दाट आणि एकसारखी उगवली, हे सांगितलंच पाहिजे. आमच्या तासांत जागोजागी खाडे, बी न उगवलेल्या मोकळ्या जागा. आई आणि मी वाकून वाकून ते खाडे भरत होतो, तेव्हा रस्त्यानं जाणारे विचारायचे, "अमेरिकेचं बी होये काय व?"

पुढं आम्ही निंदण करत होतो, तेव्हा एकदा काका आले. तोवर सोसायटीच्या पट्ट्यात तण गुडघ्याला लागलं होतं. निंदायला आलेल्या बाया मुकादमाची पाठ वळली की उभ्या राहायच्या. काका त्या पट्ट्यात पायानं काहीतरी चाचपडत होते. एका जागी थांबले.

"इथं माहा धुरा होता," ते म्हणाले. "का तिथं होता?"

मी तण उपटत राहिले.

"पोराले ट्रॅक्टरवर ठेवतो म्हनले होते. ट्रॅक्टर आलाच नाही." मी विचारलं नव्हतं. तरी त्यांनी कारण सांगितलं, आणि गेले.

त्या वर्षी आमच्या वावरात जे आलं ते थोडं होतं, पण आमच्या घरात आलं. पुढं अमेरिकेत सरकार लहान असावं म्हणणारा एक उमेदवार उभा राहिला आणि सपाटून पडला. काळ्यांना हॉटेलचं दार उघडणाऱ्या कायद्याला त्यानं विरोध केला होता, हे वाचलं तेव्हा मी मामाच्या घरातलं त्याचं पत्रक मधोमध फाडलं. वावराबद्दलचा अर्धा भाग अजून माझ्याकडे आहे. फाडणं आणि राखणं, दोन्ही गोष्टी मी रागानंच केल्या आणि दोन्ही मला बरोबर वाटतात.

पुढच्या पाडव्याला याडी आमच्या अंगणात आली. बाबांनी पांढऱ्याचा कासरा सोडला आणि तिच्या हातात न देता माझ्या हातात दिला. म्हणाले, "बोल. जबान तुही."

"यंदा पयले आमच्या वावरात," मी म्हणाले.

"अन् मी नाही म्हटलं त?"

मी कासरा पुढे धरून उभी राहिले. त्या वर्षीची सगळी पेरणी तिच्या एका शब्दावर होती आणि तिनं नको म्हटलं असतं तर मी ‘काहून’ म्हणणार नव्हते. याडीनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग बैलाकडे, आणि मग हात पुढे केला.