बोकडांना चारलेली भाकर

शुद्धलेखन चुकेल, अक्षरही वेडंवाकडं आहे, माफ करा. चौथीनंतर लिहायची वेळ फारशी आलीच नाही. आणि हे तर मी बोलूनही कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्यालासुद्धा नाही.

आमच्या झरी गावाबाहेर जनावरांच्या खाद्याच्या एका कंपनीची शेड आहे. तिथं बोकडांवर नवीन खाद्याचा प्रयोग चालतो. खाद्य तोलून द्यायचं, दुसरं काही तोंडाला लागू द्यायचं नाही. शेवटी कापून पोट तपासतात. मी झाडलोट करायची, गयाक्का खाद्य-पाणी बघायची. ती आमच्याच गल्लीतली, एकटी बाई. मला तिनंच कामाला लावलं होतं. साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं — कायदा आहे, लागतील तेवढीच जनावरं मारायची, एकही जास्त नाही.

पण मी डबा उघडला की ते सहा बोकड जाळीला तोंड लावून बघत राहायचे. जनावराच्या डोळ्यांसमोर एकट्यानं खायचं नाही, ही आमच्या घरची रीत. मरणाऱ्या जिवाला एक घास नको का द्यायला? मी दिला. रोज दिला. शेवटच्या दिवशी तर जास्तीची भाकर करून नेली. दया म्हणून — असं मला वाटायचं.

पोटं कापली तेव्हा भाकरीचे तुकडे निघाले.

खाद्य गयाक्काच्या हातात, म्हणून संशय तिच्यावर. ती माझ्याकडं वळली, "सुमन, तू तरी सांग की गं, म्या आसं करीन का?"

मी काय म्हणाले? मी म्हणाले, "मला काय माहीत, आक्का."

तिचं काम गेलं. प्रयोग बाद झाला — ते सहा फुकट मेले. मग दुसरे सहा आणले. त्यांना खाद्य घालायला कोण? मीच. गयाक्काची जागा मला मिळाली. त्यांच्यासमोर मी डबा उघडला नाही, भिंतीकडं तोंड करून खाल्लं. तेही कापले. हे जास्तीचे सहा माझ्या भाकरीनं मेले — दुसरं काय म्हणायचं?

संध्याकाळी घरात पंचशील म्हणतात. जीव घेणार नाही, खोटं बोलणार नाही — तिथं माझे नुसते ओठ हलतात. मुलं मोठ्यानं म्हणतात, म्हणून कळत नाही.

गयाक्काला बरेच दिवस काम मिळेना. मी पगारातून तिला पैसे देऊ लागले. काय सांगून देणार होते? उसने म्हणून दिले. ती गल्लीभर सांगत फिरायची, "सख्खी बहीण करायची न्हाई एवढं सुमननं केलं. लय मायाळू हाय पोरगी." मी ऐकायची — आणि आत जायची.

मग तिला कापूस वेचायचं काम लागलं आणि ती थोडे थोडे परत आणून देऊ लागली. राहू दे म्हटलं तर रागवायची. काल संध्याकाळी दारात उभी राहिली. बोटं बोंडांनी ओरबाडलेली.

"घे बाई, हे शेवटचे. मोजून घे. आता म्या मोकळी."

मी मोजले. बरोबर होते. तिनं माझे सगळे पैसे फेडले.