कंट्रोलातलं माणूस

आमच्या मेहकरात डॉक्टर दोनच प्रकारचे असतात, झालेला आणि न झालेला. मी तिसऱ्याच प्रकारात जाऊन बसले आणि वडिलांचं बसस्टँडवरच्या टपरीत चहा प्यायला जाणं अवघड करून ठेवलं. एमबीबीएस झाल्यावर गुमान पाटी लावायची सोडून मी पुण्याला एमडी आणि पीएचडी एकत्र करायचा अभ्यासक्रम घेतला. वडील सांगायचे, पोरगी डबल डॉक्टर होऊन राह्यली. लोक मान डोलवायचे आणि घरी जाऊन म्हणायचे, नापास होऊन राह्यली असंन.

त्यांचं तरी काय चुकलं? या अभ्यासक्रमात काय काय पुरं करावं लागतं ते मलाच एका दमात सांगता येत नसे. वॉर्डातल्या ड्यूट्या असतातच, पीएचडी करतेस म्हणून पेशंट कोणी कमी करत नाही. वर संख्याशास्त्राचे आणि संशोधनाच्या पद्धतींचे पेपर द्यायचे. विषय समितीपुढे मांडायचा, समितीनं तो चिंधड्या करून परत द्यायचा, आपण शिवून पुन्हा मांडायचा. नैतिकता समितीची परवानगी वेगळी. एमडीची परीक्षा वेगळी. शोधनिबंध छापून आणायचा, प्रबंध लिहायचा, तो अनोळखी परीक्षकांनी वाचायचा, आणि शेवटी भरल्या सभागृहात उभं राहून त्याचा बचाव करायचा. यातलं एक जरी राहिलं तरी डबल तर सोडाच, माणूस धड सिंगलही राहत नाही.

माझा विषय होता खारं पाणी आणि किडनी. म्हणून मी वडनेर भोलजीला जाऊन राहिले. तिकडं बोरचं पाणी असं की तुरीची डाळ शिजता शिजत नाही आणि चहा फाटतो. राहायला खोली बघायला गेले तर एका बाईनं माझं मूळ गाव विचारलं आणि सरळ माझी बॅग उचलली. ती माझ्या वडिलांच्या खेड्यातली लेक, लग्न होऊन इकडं आलेली. नातं काही नाही, पण माहेरच्या गावाची पोरगी परक्याच्या खोलीत राहणार हे तिला पटण्यासारखं नव्हतं. गावच्या नात्यानं ती आत्या झाली. मी माझ्या मार्गदर्शकांना विचारून घेतलं, कारण नातेवाईकांना अभ्यासात घेता येत नाही. ते म्हणाले, रक्ताचं नातं नाही ना, मग चालेल. आत्याला हे सांगितलं तर तिला राग आला. रक्ताचं नाही म्हणजे काय, म्हणे.

आता गंमत कंट्रोलची. अशा अभ्यासात आजारी माणसांशी तुलना करायला तितकीच निरोगी माणसं लागतात, त्याच गावची, त्याच वयाची. त्यांना आम्ही कंट्रोल म्हणतो. पहिल्याच दिवशी समाजमंदिरात मी बोलून गेले की ज्यांची तब्येत चांगली निघेल त्यांचं नाव कंट्रोलात जाईल. दुसऱ्या दिवशी रांग लागली. सगळ्यांच्या हातात रेशनकार्ड.

मी स्वतः आयुष्यभर रेशनच्या दुकानाला कंट्रोलच म्हणत आले. कंट्रोलचे गहू खाऊन मोठी झाले. आणि पुण्याला चार वर्षं राहून तेच विसरले, शाब्बास! खुलासा करता करता माझा घसा बसला. तरी लोकांच्या मनातून ते गेलं नाही. ज्यांचं रक्त चांगलं निघालं ते कंट्रोलात लागले, ज्यांचं खराब निघालं ते म्हणत, आमचं लागलं नाही. शेवटी मीही नाद सोडला.

आजारी माणसं भराभर भेटली. निरोगी भेटेनात. कोणाला शुगर, कोणाला बीपी, कोणी दुखण्याच्या गोळ्या चण्यासारख्या खाल्लेल्या. प्रबंध त्या सत्रात द्यायचा तर अजून एकच निरोगी बाई हवी होती, पन्नाशीची. नाही मिळाली तर आणखी सहा महिने. वडिलांनी त्या टपरीत काय सांगायचं हा प्रश्न मला खरोखर छळत होता.

आत्या पन्नाशीची होती. शुगर नाही, बीपी मोजलं तर ठीक, दिवसभर शेतात निंदायला जाऊन संध्याकाळी माझ्यासाठी वेगळ्या पाण्यात डाळ शिजवणारी. ती मागेच लागली होती, साऱ्या गावाचं घेतलं, महं काऊन नाही घेत? घेतलं. रिपोर्ट येईपर्यंत मी प्रबंधाचं आभारपान लिहून काढलं होतं.

रिपोर्ट खराब आला. क्रिएटिनिन इतकं वाढलेलं की मला लॅबचीच चूक वाटली. दुसऱ्यांदा रक्त घेतलं. तेवढंच आलं. तिच्या दोन्ही किडन्या निम्म्याहून जास्त कामातून गेल्या होत्या आणि ती बाई चुलीपुढं बसून मला आणखी एक भाकर वाढत होती. सगळ्यात आधी माझ्या मनात आलं ते सहा महिन्यांचं. मग माझीच मला शिसारी आली.

मी तिला सांगितलं. जेवढं सोपं करता येईल तेवढं सोपं करून सांगितलं, की किडनी खराब होत चाललीय, आता औषध सुरू केलं तर बराच काळ सांभाळता येईल, नाही केलं तर मशीनवर जावं लागेल. सकाळी पहिल्या गाडीनं खामगावला किडनीच्या डॉक्टरकडं जायचं. तिनं सगळं ऐकून घेतलं. तव्यावरची भाकर उलटली.

"म्हणजे महं नाव कंट्रोलात नाही लागलं," ती म्हणाली.

मी म्हटलं, नाही लागलं.

मग तिनं विचारलं की आता माझ्या परीक्षेचं काय. मी चिडून म्हटलं, परीक्षा गेली खड्ड्यात, तू सकाळी तयार राहा. तिनं मान हलवली.

सकाळी आत्या घरात नव्हती. मी फाट्यावर जाऊन आले, मळ्याच्या वाटेनं पाहून आले. गाडी आली आणि गेली. मला इतका संताप आला होता की मी अंगणात एकटीच बडबडत होते. या लोकांना आपल्या जिवाचं काही पडलेलं नाही, अभ्यास करा, नाहीतर डोकं फोडून घ्या. तेवढ्यात ती आली. दुसऱ्या वस्तीवर राहणाऱ्या थोरल्या जावेला हाताला धरून घेऊन आली होती. दोघींना चालून दम लागलेला.

"इले पाहाय," आत्या म्हणाली. "इचं वय मह्याएवढंच. इले शुगर नाही, बीपी नाही, गोळी काय असते ते माहीत नाही."

मी ओरडले तिच्यावर. गाडी गेली ना आपली, म्हटलं. तुला काल काय सांगितलं मी?

"गाडी काय, दर घंट्याले हाये. तुह्यं माणूस कुठून भेटलं असतं?"

जाऊ ओट्यावर बसली आणि तिनं दंड पुढं केला. मी पट्टा बांधला, बोटानं चाचपत राहिले. मला रडू येत होतं, आणि रडताना शीर सापडत नाही.