लाल कुलूप आणि तीन ठोके

कोण जिवंत आहे आणि कोण मेलंय, हे छातीठोकपणे सांगण्याचा अधिकार या जगात यमानंतर फक्त माझ्या मेव्हण्याला आहे, आणि यमापेक्षा तो कितीतरी जास्त चौकशी करतो. माझ्या बायकोचा हा धाकटा मावसभाऊ. हर्सूलकडे आमचं लहानसं घर आहे, त्याच्या वरच्या मजल्यावर तो एकटा राहतो आणि दिवसभर खिडकीपाशी बसून कुठल्यातरी लांबच्या देशातली कॉम्प्युटरं दुरुस्त करतो. वाळूजच्या कारखान्यात मेंटेनन्सला जन्म घालवलेल्या माझ्यासारख्याला दुरुस्ती म्हणजे पान्हा आणि ग्रीस. हा नुसता पडद्याकडे बघतो आणि हळू आवाजात म्हणतो, "मेला. पण मूठ उघडंना त्याची." पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा माझ्या हातातला चहा सांडला होता.

त्याचं काम त्यानं मला एकदा जेवताना समजावून दिलं. "दाजी, एक कपाट समजा. आठ जणांत एकच. ज्याला कागद पायजे त्यानं त्या खणाला आपलं कुलूप लावायचं, काम झालं की काढायचं. बाकीच्यांनी तवर थांबायचं." आठ जण म्हणजे आठ कॉम्प्युटर, कपाट म्हणजे त्यांची सामाईक फाइल सिस्टिम. ही कुलपं सांभाळणारा जो तुकडा लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रोग्रामच्या गाभ्यात, असतो, त्यातल्या चुका हा हुडकतो. आता एखादा कुलूप लावून मध्येच मेला तर काय? म्हणून प्रत्येकानं दर काही सेकंदांनी "मी आहे" असा ठोका द्यायचा. ठोका थांबला की बाकीचे त्याला मेला ठरवतात आणि त्याचं कुलूप काढून घेतात. "आणि तो मेलाच नसला तर?" मी आपलं सहज विचारलं. त्याचा घास हातातच राहिला. "तिथंच तर सगळा घोळ हाय, दाजी. मेला म्हणून कुलूप काढायचं, अन् तो उठून यायचा. मग दोघं एकाच कागदावर लिहितात. कागदच राहत नाय मग." बायको म्हणाली, "आरं जेव की गुमान, मेलेल्याला कशाला उठवतोस पानावर!"

या धंद्यामुळे माणूस घरात कसा वागतो ते बघण्यासारखं आहे. दार सताड उघडं असलं तरी तो तीन ठोके दिल्याशिवाय आत येत नाही. फ्रिजलाही देतो. लोणच्याची बरणी उचलण्याआधी "कुणाच्या हातात हाय का?" असं विचारतो, आणि घरातल्या प्रत्येकानं "नाय" म्हटल्याशिवाय हात लावत नाही. आमच्याकडे दोनच माणसं, तरी दोघांचं नाही ऐकायला तो थांबतो. मागे एका लग्नात तर त्यानं माझी लाजच काढली. पंगत नव्हती, उभ्यानं जेवण होतं. एका पाहुण्याच्या हातात शेवटची ताटली, दुसऱ्याच्या हातात भाताचा चमचा. ताटलीवाला चमच्याची वाट बघतोय, चमचेवाला ताटलीची, आणि दोघंही भिडस्त. मागे रांग वाढतेय. कुणीही शहाण्यानं मध्ये पडून वाढून दिलं असतं. हा मात्र त्यांच्यासमोर हात बांधून उभा, डोळ्यांत पाणी. "बघा दाजी, कसे थांबलेत. कुणाचीच चूक नाय, अन् दोघंबी जलमभर असेच थांबतील." नवऱ्या मुलीच्या बापानं शेवटी त्यालाच बाहेर काढलं.

हसतो आम्ही त्याला, पण वरच्या मजल्यावर गेलं की माझं हसू जिन्यातच राहतं. वर दोन खोल्या आहेत. एक त्याची, दुसरी त्याच्या धाकट्या भावाची. भाऊ माझ्याच हाताखाली कारखान्यात होता. आमच्याकडे एक नियम असे. यंत्रात हात घालायच्या आधी प्रत्येकानं त्याच्या स्विचला आपलं स्वतःचं लाल कुलूप लावायचं, वर आपल्या नावाची आणि फोटोची पाटी. ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं, मालक आला तरी दुसऱ्यानं हात लावायचा नाही. भावाला त्या कुलपाचं इतकं प्रेम की खोलीलाही तेच लावायचा. चार वर्षांपूर्वी एका सकाळी त्यानं ते दाराला लावलं, कारखान्याची बस धरायला गेला, आणि बसवाला म्हणाला की तो चढलाच नाही. तक्रार झाली, शोध झाला. हाती काही लागलं नाही. कुलूप अजून दारावर होतं. पाटीवर त्याचा हसरा फोटो आणि खाली छापलेलं, "धोका. हे कुलूप काढू नये. माझा जीव यावर आहे."

दोघा भावांची एक सवय होती. आमच्या शहरात नळाला पाणी आठवड्यानं येतं, त्यामुळे पाइप बहुतेक कोरडाच असतो आणि आवाज छान वाहून नेतो. तो पाइप भावाच्या खोलीतून, मग याच्या खोलीतून खाली आमच्या मोरीत उतरतो. सकाळी सातला हा पाइपवर तीन ठोके द्यायचा, भाऊ पलीकडून तीन द्यायचा, म्हणजे उठलो. भाऊ गेल्यावरही याचे ठोके थांबले नाहीत. तीन ठोके, मग शांतता. पुन्हा तीन, मग पुन्हा तीच शांतता. आठ दिवस ऐकलं, नवव्या दिवशी माझ्यानं राहवेना. मी मोरीतला पान्हा उचलला आणि खालून तीन ठोके दिले. वर एकदम काहीतरी पडल्याचा आवाज झाला. त्या दिवशी तो जेवायला खाली आला तेव्हा त्याचा चेहरा असा उजळला होता, की खरं सांगायची माझी जीभच रेटेना. तेव्हापासून रोज सकाळी मी ठोके देत राहिलो.

यंदा थंडीत गावाकडून मावशींचा, म्हणजे त्याच्या आईचा, फोन आला. त्यांचं सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलं, आता अंथरुणाला खिळल्यात. "त्या खोलीत धाकल्याची घोंगडी हाय. येवढी आणून दे. एकदा अंगावर घेऊ दे मला, माझं काय खरं नाय आता." हा नुसता हुं हुं करत राहिला. घोंगडी आणायची तर कुलूप तोडायला हवं, आणि कुलूप तोडणं म्हणजे भावाला मेला ठरवणं. तो रोज पाटीसमोर जाऊन उभा राही आणि परत फिरे. मावशींचा आवाज दर फोनला बारीक होत गेला.

अशातच एका दुपारी तो धडाधडा जिना उतरून आला. ठोके न देता! तीन महिने छळणारा दोष त्याला सापडला होता. एक कॉम्प्युटर केव्हाच बंद पडलेला, वायर काढून नेलेली, तरी यादीत जिवंत दिसायचा आणि त्याचं कुलूप सुटायचं नाही. बाकीचे सात जण ताटकळत. "काय निघालं ठावं हाय का दाजी? शेजारच्या कॉम्प्युटरला चुकून मेलेल्याचाच नंबर दिला व्हता. शेजारी इमानदारीत ठोका देतोय, अन् हजेरी लागतीय मेलेल्याच्या नावावर. त्याच्यामुळं मेलेल्याची सुटकाच होईना."

बायकोनं माझ्याकडे बघितलं, तिला पान्ह्याचं माहीत होतं. मी सगळं सांगून टाकलं. मोरी, पान्हा, चार वर्षं. माझी मान वर होत नव्हती.

तो शांतपणे म्हणाला, "ते मला पहिल्या म्हयन्यातच कळलं, दाजी. तुमचा तिसरा ठोका उशिरा पडतो. पण दिवाळीनंतर तुम्ही दोघं आठ दिवस फर्दापूरला पोरीकडं होता, व्हय ना?"

"हो."

"तवा कोण देत होतं?"

उन्हं अंगणात लख्ख पडली होती, तरी मला दाराकडे पाठ करून बसवेना.

कारखान्यात माणूस कुलूप लावून निघून गेला, तर ते तोडायचीही रीत होती. आधी त्याला तीनदा हाका मारायच्या, घरी निरोप द्यायचा, यंत्रात माणूस नाही हे डोळ्यांनी बघायचं, आणि मग ते त्याच्या सुपरवायझरनंच तोडायचं. त्याचा सुपरवायझर मीच होतो. संध्याकाळच्या आत मी कटर घेऊन वर गेलो. मेव्हण्यानं दारावर तीन ठोके दिले. तीनदा भावाला नावानं हाक मारली. खिडकीच्या फटीतून आत बघितलं, आत कुणी नव्हतं. "तोडू का?" मी विचारलं. तो म्हणाला, "तोडा. पण नाव खोडायचं नाय. आमच्या कामात सुद्धा कुलूप काढतात, पण तो परत आला तर हजेरी नव्यानं लावून आत घेतात."

आत चार वर्षांची धूळ होती, पावलाची एक खूण नव्हती. खाटेवर घोंगडी घडी करून ठेवलेली. पाइपवर मात्र खाटेवर बसलेल्या माणसाच्या हाताशी येईल अशा उंचीवर रंग उडून लोखंड उघडं पडलं होतं, आणि ते चकचकीत होतं. आम्ही दोघंही त्याबद्दल बोललो नाही. घोंगडी घेऊन तो तसाच गावाला गेला. मावशी ती अंगावर घेऊन गाढ झोपल्या, झोपायच्या आधी म्हणाल्या, "हरवल्या मेंढराला हाक मारायची सोडू नगंस, बाळा." चार दिवसांनी त्या गेल्या. घोंगडी अंगावरच होती.

मी पान्हा पेटीत ठेवून दिला आहे. लाल पाटी त्यानं उघड्या दाराच्या खिळ्याला अडकवली आहे, फोटोवर धूळ बसू देत नाही. सकाळी सातला तो अजून तीन ठोके देतो. मी खाली मोरीत पाइपला हात लावून उभा असतो. कुलूप तोडलं त्या दिवसापासून पलीकडून एकदाही उत्तर आलेलं नाही. खरं सांगतो, त्या दुपारची भीती बरी होती.