पाण्याच्या नळीतला रंग
बाजारात द्राक्षांचा गोडसर वास सुटला, की मला पेठकडच्या आश्रमशाळेतली ती सकाळ आठवते. नववीच्या मुलींना साखर ओळखायचा प्रयोग दाखवायचा होता. साखर असेल तिथेच रंग बदलतो, हे आदल्या दिवशी सांगून झालं होतं. एका परीक्षानळीत द्राक्षाचा रस घेतला, दुसरीसाठी एका मुलीला पेल्यात पाणी आणायला पाठवलं. दोन्हींत निळं द्रावण घालून नळ्या उकळत्या पाण्यात धरल्या. रसाची नळी विटकरी झाली. मग पाण्याचीही झाली. काही चुकलं असेल म्हणून मी पुन्हा केलं. निळा रंग हिरवा, पिवळा होत डोळ्यांदेखत परत विटेसारखा लाल झाला. 'मॅडम, पान्यात कायतरी हाय,' कुणीतरी पुटपुटलं. मी नळी उजेडात धरून पुन्हा पाहिली. तेवढ्यात पाणी आणणारी ती हडकुळी मुलगी उभी राहिली. 'मॅडम, ते पानी नाय. माझी लघवी हाय. मी बसते तिथं मुंग्या जमतात. मला बघायचं होतं.' कुणीही हसलं नाही. त्याच दुपारी तिला नाशिकला नेलं. रक्तातली साखर भयंकर वाढली होती; 'आठवडाभरात बेशुद्ध पडली असती,' डॉक्टर म्हणाले. घरी कळलं तर बाहेरचं झालंय म्हणतील, शाळा सोडवतील, या भीतीने ती गप्प राहिली होती. आता ती रोज स्वतःच इन्सुलिन टोचून घेते, नर्सिंग शिकते, मला फोनही करते. तासाला तीनतीनदा पाणी प्यायला जाते म्हणून मी तिला दाराबाहेर उभी करायचे, हे मात्र ती कधी बोलून दाखवत नाही.